गुरुवारचे हात

चांदरीला दहावा महिना लागला आणि त्याच पंधरवड्यात हंबीररावांच्या उजव्या हाताची मूठ सकाळी उघडायला पाऊण तास लागू लागला. घरात कोणी काही बोललं नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून प्रत्येकानं आपापल्या मनात पाहिल्या होत्या.

चांदरी म्हैस पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताची, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभावानं फटकळ. अंगाला हात लावून घ्यायची तो फक्त हंबीररावांचा. त्यांच्या मुलानं, रणवीरनं, एकदा तिची कास चाचपून पाहिली होती, तर तिनं त्याला उचलून पेंडीच्या पोत्यांवर बसवलं होतं. पहिलारू म्हैस व्याल्यावर कास वेळेत मोकळी झाली नाही तर सड गच्च होतात, एखादा कायमचा मरतो. ते व्हायला नको असेल तर त्या दिवशी चांदरीखाली हंबीरराव बसायला हवेत, आणि हंबीररावांना हात हवेत. बाकी सगळं जमण्यासारखं होतं.

घर बडोद्यात, गोत्रीच्या पुढं, कॅनॉलच्या अलीकडं. पणज्यानं गायकवाड सरकारच्या पागेत घोडा सांभाळला त्याबद्दल मिळालेल्या जमिनीतले तीन विघे उरले होते आणि त्यांच्या तिन्ही अंगांनी सात-सात मजली सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना गोठा असा दिसायचा जसा नाटकातला पहिला अंक. गोमती, तिची मोठी लेक सावळी आणि धाकटी चांदरी. रणवीर मकरपुऱ्याला कारखान्यात पाळीनं जायचा. त्यानं चहा पिता पिता, फोनकडं बघत, अगदी हळू आवाजात सांगून टाकलं होतं, की चांदरीच्या वेळी बाबांना जमलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर गोठा रिकामा करू. हळू बोलला म्हणून त्याच्या आईला, कमळाबाईंना, जास्त भीती वाटली. ओरडला असता तर विसरलाही असता.

कंपवाताचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या, सहा, दहा, दोन, सहा अशा वेळा लिहून दिल्या. पहिल्या आठवड्यात गोळी घेतली की हंबीररावांना मळमळायचं, दोनदा ओकारीही झाली. तेव्हा कमळाबाईंनी आपलं शहाणपण वापरलं. औषध उष्ण, दूध थंड. सकाळची धार निघाली की चरवीतलं फेसाळतं, अजून कोमट असलेलं दूध पेल्यात ओतायचं आणि त्याबरोबर गोळी द्यायची. मळमळ थांबली. मग दहाच्या गोळीला दूध, दोनच्या गोळीला मुगाच्या वरणाची वाटी, संध्याकाळी पुन्हा दूध. तीन वर्षांत एकही वेळ चुकली नव्हती. सुनेला, मितालीला, त्या अभिमानानं सांगायच्या, की लग्नाचा वाढदिवस सासरे विसरले असतील, मी गोळी विसरले नाही.

हात बिघडत गेले तशी डॉक्टरांनी गोळी वाढवली. अर्धीची पाऊण झाली, पाऊणची एक. कमळाबाईंनी दूध वाढवलं. पेल्याचा तांब्या झाला, त्यात बदाम वाटून आले, मग भिजवलेले हरभरे आले, मग पनीर. माणूस वाळत चाललाय, आत ताकद नसेल तर औषध तरी कशाच्या जोरावर चालणार? गोळी आणि दूध यांची शर्यत लागल्यासारखी झाली होती आणि हंबीरराव दोघांच्या मध्ये आखडत चालले होते.

सकाळची धार आता बघवत नव्हती. ते गोमतीखाली बसायचे, डोकं तिच्या कुशीला टेकवायचे, बोटं सडाभोवती गुंडाळायचे, आणि बोटं तिथंच थांबायची. दाबायचं आहे हे त्यांना कळायचं, हाताला कळायचं नाही. मग एकदम थरथर सुटायची आणि धार चरवीऐवजी धोतरावर. गोमती म्हातारी, समजूतदार. ती मान वळवून बघायची आणि पुन्हा रवंथ करायची. सावळी मात्र पाय उचलायची. डेरीवर दूध घेणारा हार्दिक, चांगला पोरगा, पहिल्यांदा नुसता मापाकडं बघायचा. एक दिवस म्हणाला, "काका, आजे पण ओछुं छे." आजही दूध कमी. हंबीररावांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तसं करायला आता कष्ट पडत नव्हते, चेहरा तसाच राहायचा. राग आला तरी तसाच, हसू आलं तरी तसाच. परत येताना कॅनॉलच्या पुलाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले, तेव्हा मागून येणाऱ्या स्कूटरवाल्या मुलीनं त्यांना रस्ता ओलांडायचा आहे असं समजून हात धरून पलीकडं नेलं. त्यांना अलीकडंच राहायचं होतं.

पण गुरुवारी निराळं व्हायचं.

या घरात गुरुवारचं दूध जिरवत नाहीत. पणज्याच्या घोड्याला कसलासा आजार झाला होता आणि तो दत्ताच्या कृपेनं उठला, तेव्हापासूनची रीत. गुरुवारी निघेल ते दूध थोडं देवळात, बाकी आजूबाजूच्या दुभतं नसलेल्या घरांत, आपल्या तोंडी थेंब नाही. हंबीरराव त्या दिवशी उपास करायचे. मोरैयो म्हणजे वरीचा भात, सुरण, रताळं, केळं. दाणे चावता येत नव्हते आणि कूट घशात अडकायचं, म्हणून तेही नाही. आणि गोळी अर्थातच पाण्याबरोबर.

श्रावणातल्या एका गुरुवारी दहा वाजता त्यांनी स्वतःच्या शर्टाची बटणं लावली. कमळाबाई पाठीमागं उभ्या होत्या, पुढं झाल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी दुपारी त्यांनी कडब्याच्या दोन पेंढ्या तोडल्या, विळा एकदाही निसटला नाही. शुक्रवारी पुन्हा मूठ बंद. तिसऱ्या गुरुवारी कमळाबाई सकाळपासून त्यांच्याकडं चोरून बघत राहिल्या आणि दुपारी देवापुढं नारळ ठेवून आल्या. आनंद झाला होता, पण त्यात धाकधूक मिसळली होती. आठवड्यातून एकदा येणारं सुख उरलेले सहा दिवस छळतं.

हंबीररावांनीही ओळखलं होतं. भादव्यात एकदा ते म्हणाले, गुरुवारचे हात वेगळे आहेत. माझे नाहीत ते. त्याचे आहेत. बोट वर करायला वेळ लागला, पण देवाच्या दिशेनं केलं.

मग नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्रात कोणी उपास धरला तर कोणी कारण विचारत नाही. हंबीररावांनी नऊ दिवस धरले, तेही गुरुवारच्या नेमानं, दुधाचा थेंब न घेता. शेजारच्या पार्टी प्लॉटमध्ये गरबा रंगात होता आणि गोठ्यात हंबीरराव दोन्ही वेळच्या धारा काढत होते. पूर्वीसारख्या नव्हे, पण चरवीत पडणाऱ्या. हार्दिकनं माप वर करून दाखवलं. रणवीरनं गोठा रिकामा करायचा विषय काढला नाही. कमळाबाईंनी नऊ दिवस देवीला आणि दत्ताला सारखी फुलं वाहिली, कोणाचा उपकार कमीजास्त व्हायला नको म्हणून.

दसरा झाला. मितालीनं फाफडा-जलेबी आणली. हंबीररावांनी ताट बाजूला सरकवलं. चांदरी विईपर्यंत असाच राहणार, म्हणाले. हात मिळालेत ते सोडायचे नाहीत.

आता कमळाबाईंची भीती बदलली. आधी त्या हातांकडं बघत, आता गळ्याखालच्या हाडांकडं बघू लागल्या. आंघोळीला बसवताना पाठीचे मणके मोजता येत होते. धोतराला एक गाठ जास्त मारावी लागायची. मोरैयो आणि रताळ्यावर साठीच्या पुढचा माणूस किती दिवस गोठा ओढेल? त्यांनी समजावलं, रुसून पाहिलं, मुलाकरवी सांगून पाहिलं. हंबीररावांचं एकच, थोडे दिवस. चांदरीची कास उतरायला लागली होती, खरंच थोडे दिवस होते. पण हा माणूस आधी पडला तर?

दसऱ्यानंतरच्या एकादशीला कमळाबाईंनी मोरैयो पाण्याऐवजी दुधात शिजवला. घट्ट, सायीसकट दुधात. रंग पांढराच. वास हंबीररावांना दोन वर्षांपूर्वीच सोडून गेला होता, त्यांना शेण आणि अगरबत्ती सारखीच. त्या दिवशी गुरुवार नव्हता, म्हणजे घराची रीत मोडत नव्हती, मोडत होता तो यांनी स्वतःहून धरलेला नेम. असा वकिली विचार त्यांनी केला, आणि तरी वाढताना देवघराकडं पाठ करून बसल्या. हंबीररावांनी सगळा मोरैयो संपवला. बरा झालाय आज, म्हणाले.

दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांचे पाय थांबले. एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हात चौकटीला. मितालीनं फरशीवर खडूनं रेघ ओढली, रेघ ओलांडा बाबा म्हणाली, तेव्हा सुटले. दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी सकाळच्या कुस्करलेल्या केळ्यातही दुधाची पावडर मिसळली, कारण काल पाय थांबले म्हणजे अशक्तपणाच. त्या दिवशी मूठ बंद. तिसऱ्या दिवशी सावळीनं चरवी लाथाडली. कमळाबाईंना आता कळून चुकलं होतं, की त्यांनी फसवलंय आणि देवानं ते पाहिलंय. थांबावं तर माणूस वाळून जाईल, चालू ठेवावं तर हात जातील. सांगावं तर, नेम बायकोनंच बाटवला हे ऐकून ते पाणीसुद्धा सोडतील.

रात्री अंथरुणावर हंबीररावांनी विचारलं, "माझं काय चुकलं असेल गं?"

कमळाबाई म्हणाल्या, झोपा आता.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी ते चांदरीच्या खाली नवीन पेंढा पसरायला गेले. वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ पुढं गेले. हात पुढं यायला हवे होते ते आले नाहीत. कपाळ गव्हाणीच्या दगडावर आपटलं. चांदरीनं पाय हलवला नाही, एवढं तिनं केलं. मिताली धावली तेव्हा ते शेणात आडवे होते आणि डोळे उघडे ठेवून वर पत्र्याकडं बघत होते, चेहरा शांत, जसं काही मुद्दामच झोपलेत. कमळाबाई ओरडल्या नाहीत. पदर फाडून कपाळाला बांधला आणि त्यांना आठवलं, की आजच्या मोरैयोत त्यांनी साय जरा जास्तच घातली होती.

दवाखान्यात पाच टाके पडले. मोठ्या डॉक्टरांनी हात वाकवून पाहिले, चालवून पाहिलं, आणि गोळी वाढवण्याआधी पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथं कौमुदी नावाची आहारतज्ज्ञ मुलगी बसली होती, नागरवाड्यातली, चष्मा डोक्यावर. मराठी ऐकून तिनं खुर्ची ओढून जवळ घेतली. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता, कधी, आणि गोळी कधी, असं विचारत गेली. उत्तरं कमळाबाई देत होत्या. हंबीरराव पट्टी बांधलेलं डोकं ताठ धरून समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"गोळी कशाबरोबर घेतात?"

"दुधाबरोबर," कमळाबाई म्हणाल्या. इथं तरी मान वर होती. "घरचं. धारोष्ण. तीन वर्षं एक वेळ चुकू दिली नाही."

कौमुदीचं पेन थांबलं. तिनं दूध नसतं असे दिवस विचारले, तेव्हा गुरुवार निघाला, मग नवरात्र. सगळं लिहून घेतलं. मग कागद त्यांच्याकडं वळवून म्हणाली, की उपासात हात चांगले होते, उपास तर अजून चालू आहे, मग गेले चार दिवस का बिघडले हे काही लागत नाही.

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला. कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी मोरैयोत दूध घालत होते," त्या म्हणाल्या. "चार दिवस. यांना न सांगता."

हंबीररावांची मान वळायला वेळ लागला, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर सगळं अंग वळलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते त्यांच्याकडं बघत राहिले आणि कमळाबाई जमिनीकडं.

कौमुदी मात्र सुटल्यासारखी हसली. मग हसणं आवरून तिनं सांगितलं. या गोळीतलं औषध आणि दूध, डाळ, पनीर, हरभऱ्यातलं प्रोटीन, दोन्ही आतड्यातून एकाच दारानं आत जातात. एकदम आली की रेटारेटी होते. दुधाचा जमाव मोठा, तो आत शिरतो, गोळी बाहेर उभी राहते. पुढं मेंदूच्या दाराशीही तेच. गुरुवारी दारात गर्दी नसायची, एवढंच. प्रत्येकाला इतकं होत नाही, पण काहींना फार होतं, आणि हे त्यातले दिसतात. सगळ्यांत वाईट म्हणजे उपास चालू ठेवणं, कारण मांसच गेलं तर हात असून उपयोग काय. दूध-डाळ बंद नाही करायची, संध्याकाळी न्यायची. दिवसा भात, रोटली, भाजी, फळ. गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर, मळमळलं तर कोरडा खाखरा. अशक्तपणासाठी कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या दोन तास लांब. दिल्या होत्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं. त्याही दुधाबरोबरच चालल्या होत्या.

"आणि काकी," कौमुदी म्हणाली, "तुम्ही घातलंत ते कळलं म्हणून हे सापडलं. नाहीतर आम्ही गोळीच वाढवत बसलो असतो."

ती चांगल्या मनानं बोलली. पण कमळाबाईंच्या कानात एकच राहिलं होतं. तीन वर्षं, दिवसातून चार वेळा, त्यांच्या स्वतःच्या हातानं. कंटाळून एखाद्या दिवशी तरी विसरल्या असत्या.

रिक्षा गोत्री रोडला लागली. मग हंबीरराव बोलले. त्यांचा आवाज आता इतका बारीक झाला होता की कमळाबाईंना कान पुढं करावा लागला.

"चार दिवस मी पापं आठवत होतो."

 कमळाबाईंच्या तोंडातून गेलं, "किती सापडली?"

"बरीच," हंबीरराव म्हणाले. मग म्हणाले, "तुला न सांगितलेलीही दोन-तीन निघाली."

त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. घर दिसू लागल्यावर हंबीरराव पुन्हा म्हणाले, म्हणजे दत्तानं काही केलंच नव्हतं.  देवाच्या वतीनं बोलायचा कमळाबाईंना आता धीर नव्हता.

पहिला आठवडा वाईट गेला. साडेपाचला पाण्याबरोबर गोळी, अर्धा खाखरा. दोन दिवस मळमळ. कमळाबाईंचा हात सवयीनं पेल्याकडं जायचा. समोर चरवी, चरवीत फेस, आणि घरचा धनी कोरडा खाखरा चघळतोय. हे बघणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखं होतं. मितालीनं पेले वरच्या फळीवर ठेवून दिले, सासूचा हात पोचणार नाही अशा. दिवसा हंबीरराव भात आणि दुधीची भाजी खायचे, कुरकुरायचे, की हे काय, मोरैयो बरा होता. संध्याकाळी सातला घट्ट डाळ, बाजरीची भाकरी, दूध. ते घेतल्यावर तासाभरानं अंग जड व्हायचं, कूस बदलायला हात द्यावा लागायचा. तेव्हा काम कुठं होतं, म्हणून सगळ्यांनी ते चालवून घेतलं.

आणि मग गोळी इतकी आत शिरू लागली, की एका सकाळी त्यांची मान आणि खांदा आपोआप डोलायला लागले, जसं वाऱ्यानं गवत. कमळाबाई घाबरून गार पडल्या. रणवीरनं रजा टाकली, दवाखान्यात नेलं. आता सगळं औषध अंगी लागतंय, म्हणून डॉक्टरांनी गोळी पुन्हा पाऊणवर आणली. सुटलं नव्हतं काही, कंपवात कंपवातच होता. पण सकाळी सव्वासहाच्या सुमारास मूठ उघडायची आणि नऊच्या पुढंपर्यंत उघडी राहायची. काही दिवस राहायची नाही. कोणत्या दिवशी राहणार नाही हे आधी कळायचं नाही.

चांदरीची कास आता चकाकत होती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. हंबीरराव रोज सकाळी बोटांनी ते दाबून बघायचे आणि किती दिवस उरले ते ठरवायचे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला, कमळाबाई गोळी हातात घेऊन गोठ्याच्या दिव्याखाली आल्या तेव्हा चांदरी व्याली होती. कोणाला हाक न मारता, आपली आपण. रेडी होती, ओलसर, चार पाय चार दिशांना. चांदरी तिला चाटत होती आणि जवळ आलेल्या प्रत्येकाकडं शिंगं वळवत होती. कास इतकी भरली होती की मागचे पाय फाकवून उभी होती. दोन सडांतून चीक आपोआप ठिबकत होता.

हंबीररावांना रणवीरनं धरून आणलं. पायरीवर बसवलं. हात दोन्ही मांडीवर, मुठी दगडासारख्या. कमळाबाईंनी गोळी तोंडात घातली, पाणी पाजलं. साडेपाच वाजून पाच मिनिटं.

मग वाट बघणं सुरू झालं.

रेडीनं उठायचा प्रयत्न केला, पडली. पुन्हा उठली. कासेपर्यंत तोंड नेलं, पण सड इतके टचटचीत की तिच्या तोंडात मावेनात. चांदरीला दुखलं, तिनं पाय झाडला, रेडी बाजूला पडली. रणवीर न राहवून पुढं झाला. गोंजारलं, बापासारखा आवाज काढला, मांडीत चरवी धरून वाकला. लाथ चरवीला लागली आणि चरवी सोसायटीच्या भिंतीपर्यंत वाजत गेली. वरच्या एका गॅलरीत दिवा लागला.

"बस गप," हंबीरराव म्हणाले. "जरा थांब."

सहा वाजले. ते थंडीनं कुडकुडत होते. थंडी की आजार, सांगता येत नव्हतं. कमळाबाईंनी शाल पांघरली. आत चुलीवर काल रात्रीचं दूध तापत होतं, वास बाहेरपर्यंत येत होता. एक घोट. अंगात ऊब येईल, नुसता एक घोट, गोळी तर केव्हाच गेली पोटात. त्या उठल्या. आत गेल्या. मिताली ओट्याशी उभी होती. तिनं सासूकडं पाहिलं नाही, दुधाचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं आणि आल्याचा कोरा चहा पुढं केला. कमळाबाई तोच घेऊन बाहेर आल्या.

सहा वाजून दहा मिनिटं. उजव्या मुठीतून अंगठा बाहेर आला. दारात आलेल्या मितालीसकट चौघांनीही पाहिलं, कोणी बोललं नाही. बोललं तर परत आत जाईल असं वाटत होतं. चांदरी हंबरली, आवाज फुटका निघाला. रणवीर मनगटातल्या घड्याळाकडं बघून नखं खात होता. लहानपणी परीक्षेच्या दिवशी खायचा तशी. करंगळी अजून चिकटलेली. हंबीररावांनी डाव्या हातानं ती सोडवायचा प्रयत्न केला आणि डावा हातच अडकला. कमळाबाईंना वाटलं, आजचा दिवस तो नव्हे. आज राहणार नाही. काल संध्याकाळची डाळ जास्त झाली का, सातच्या ऐवजी साडेसातला वाढली, ती अजून आत असेल.

सहा पंचविसाला हंबीरराव स्वतः उठले. पहिलं पाऊल अडलं, दुसरं पडलं. चांदरीजवळ जाऊन त्यांनी काही केलं नाही, नुसती पाठ टेकवली तिच्या कुशीला आणि उभे राहिले, जसं बसची वाट बघत कोणी खांबाला टेकतं. तिनं मान वळवली. हुंगलं. मग ते खाली बसले. कोमट पाण्यानं कास धुतली, रेडीला डाव्या हातानं पुढं ओढून तिचं तोंड कासेला लावलं, चांदरीनं अंग सैल सोडलं, आणि बोटं मिटली.

पहिली धार जाड, पिवळी. चरवीच्या तळाशी आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. मग तिसरी.

कमळाबाई खाली बसल्या, शेण काढायचं राहिलं होतं त्या जागेवरच.

तीन सड त्यांनी हलके केले, चौथा रेडीला दिला. पाऊण तास लागला. पूर्वी दहा मिनिटांचं काम. रणवीर चरवी धरून उकिडवा बसला होता, त्याच्या पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही. चीक आत गेला, मितालीनं खरवसाला ठेवला. हंबीररावांना तो संध्याकाळी मिळणार होता, हे त्यांनी न सांगता मान्य केलं. आता आडवे व्हा म्हणून कमळाबाई मागं लागल्या. ते ऐकेनात. वार पडायची होती, म्हैस ती खाऊन टाकते, बसायला हवं. ऊन सोसायटीच्या भिंतीवरून गोठ्यात उतरलं. आठाच्या पुढं वार पडली. रणवीरनं खड्डा करून पुरली.

मग हंबीररावांनी रेडीला मांडीजवळ ओढलं. नव्या रेडकाच्या खुरांना खाली मऊ, पिवळसर साल असते, साबुदाण्याच्या पापडासारखी. ती बोटांनी खुडून काढावी लागते, म्हणजे ते नीट उभं राहतं. काम नाजूक. नख लागलं तर रक्त येतं. त्यांनी पहिला पाय घेतला आणि अंगठ्यानं साल सोलत गेले. ती पूर्ण निघाली, तुटली नाही. दुसरा पाय. रेडी धडपडत होती, रणवीरनं तिला धरलं. तिसऱ्या पायाला वेळ लागला. नऊ वाजून गेले होते. पुढच्या गोळीला अर्धा तास होता आणि आधी देऊन चालणार नव्हतं.

चौथ्या खुरावर अंगठा ठेवला आणि तो तिथंच थरथरत राहिला. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग रेडीचा पाय रणवीरच्या मांडीवर सरकवला.

"हा तू काढ," ते म्हणाले. "नख नको लावू. बोटाच्या पोटानं."

रणवीरनं बापाकडं पाहिलं, मग खुराकडं. हळूच अंगठा लावला. साल मध्येच तुटली.

"असू दे. तुटते पहिल्यांदा," हंबीरराव म्हणाले. "कडेनं ये."